मधोमध दिसणारी अधिकची खूण

पुण्यातल्या एका मुलाचा घरचा सिम्युलेटर तपासायला गेलो होतो. फ्लाइंग स्कूलला जाण्याआधी पायांना सवय व्हावी म्हणून तो रोज सेसना १७२ या छोट्या विमानावर टॅक्सीचा, म्हणजे विमान जमिनीवर चालवण्याचा, सराव करायचा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, यूएसबीवर चालणारी पॉटची (फिरत्या रोधकाने स्थिती मोजणारी) रडर पेडल्स, वेगळा योक (विमानाचं हँडल). ही पेडल्स सरकवली की विमान वळतं, वरची पाटी दाबली की त्या बाजूचा ब्रेक लागतो. तक्रार अशी की आयडलवर, म्हणजे इंजिन सर्वांत कमी वेगावर असताना, विमान जागचं हलतच नाही. थ्रॉटल वाढवला की ब्रेक लागल्यासारखं ओढत पुढे जातं आणि मधूनच उजवीकडे वळतं. नेहमी वळत नाही, मधूनच. उजवं पेडल बिघडलंय असं धरून त्याने ते उघडून साफही केलं होतं. विंडोजमध्ये कॅलिब्रेशन (पेडल कुठून कुठपर्यंत जातं याची नोंद) पुन्हा पुन्हा करून झालं होतं, पण फरक शून्य.

अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी मी दोन गोष्टी बाजूला काढतो. पहिली म्हणजे हवामान. लाइव्ह वेदर चालू असेल तर बाजूचा वारा विमानाचं नाक आपल्याकडे ओढतो, म्हणून वारा शून्यावर आणायचा. आणि तपासणी आयडलवरच करायची, कारण १७२ ला पूर्ण पॉवर दिली की पंख्यामुळे नाक डावीकडे जातं. तो दोष नव्हे, खऱ्या विमानातही ते उजव्या रडरनेच सावरावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅक्सिसची, म्हणजे उपकरणाच्या एकेका हालचालीची, नेमणूक. योक, थ्रॉटल क्वाड्रंट (पॉवरच्या दांड्यांचा संच) किंवा एक्सबॉक्स कंट्रोलर जोडला की त्यांच्यापैकी एखादा अ‍ॅक्सिस आपोआप ब्रेकला जोडला जाऊ शकतो. कंट्रोल्समध्ये प्रत्येक उपकरण निवडून 'ब्रेक' शोधायचं आणि पेडल सोडून बाकी सगळीकडचं पुसून टाकायचं. इथे दोन्ही बाबतींत काही सापडलं नाही.

मग रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप करून पेडल्सची प्रॉपर्टीज उघडली. टेस्टच्या चौकटीत अधिकची खूण अगदी मधोमध होती. मुलाला त्याचंच समाधान वाटत होतं, की कॅलिब्रेशन तर नीट झालेलं दिसतंय. माझ्या लेखी मात्र सगळं बिंग तिथेच फुटलं. या चौकटीत आडवा आणि उभा हे दोन अ‍ॅक्सिस म्हणजे डावा आणि उजवा टो ब्रेक. जॉयस्टिक सोडली की ती मध्यावर येते. ब्रेकचं पेडल सोडलं की ते एका टोकाला जातं. म्हणजे पाय काढल्यावर खूण कोपऱ्यात असायला हवी, बहुतेक पेडल्समध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यात. मध्यावर असेल तर दोन्ही ब्रेक निम्मे दाबलेत असंच सिम्युलेटरला कळतं.

हे घडतं विंडोजच्या कॅलिब्रेशनमुळे. कॅलिब्रेट दाबलं की ते आधी सांगतं, मध्यावर ठेवा आणि बटण दाबा. मग सगळीकडे फिरवा म्हणतं. विंडोज किमान, मध्य आणि कमाल असे तीन आकडे साठवतं. किमान ते मध्य ही अर्धी पट्टी, मध्य ते कमाल ही उरलेली अर्धी. ब्रेकला मध्य नसतोच, त्यामुळे पाय काढलेली स्थितीच मध्य म्हणून नोंदली जाते.

पण मग उजवीकडे मधूनच का वळतं? त्यासाठी कच्चे आकडे बघावे लागतात. कॅलिब्रेशनच्या पानावर रॉ डेटा दाखवण्याची खूण असते, ती लावायची, आकडे बघायचे आणि शेवटी फिनिश न करता कॅन्सल करायचं. ही पेडल्स १० बिटांची, म्हणजे ० ते १०२३. पाय काढून उजवा ब्रेक ५ वर स्थिर होता. प्रत्येक वेळी दाबून सोडला तरी ५. डावा मात्र कधी ४ वर यायचा, कधी ३८ वर अडकायचा. कॅलिब्रेशनच्या वेळी तो ३८ वर अडकलेला असणार, म्हणून मध्य ३८ आणि किमान ४ असं साठवलं गेलं. म्हणजे १०२३ पैकी जेमतेम ३४ आकड्यांची, सव्वातीन टक्क्यांची ढिलाई ताणली जाऊन निम्मा ब्रेक झाली.

आता विमानाकडे बघा. उजवा सोडला की नोंदलेल्या मध्यावरच, ५ वर, येतो, म्हणून कायम निम्मा. डावा अडकला की तोही निम्मा, म्हणून विमान सरळ पण ओढत चालतं. डावा सुटून नीट शून्यावर गेला की एकटा उजवा लागलेला राहतो आणि विमान उजवीकडे वळतं. बिघाड डाव्या पेडलमध्ये, आणि ते नीट वागलं की विमान बिघडतं. उजवं पेडल उघडून काही सापडणार नव्हतंच.

सेटिंग्जमध्ये रिसेट टू डिफॉल्ट दाबून पेडल काढून पुन्हा जोडलं. खूण कोपऱ्यात गेली. कधी कधी या बटणाने जुने आकडे जात नाहीत. तेव्हा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एचकी करंट युजर, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, मीडिया प्रॉपर्टीज, प्रायव्हेट प्रॉपर्टीज, डायरेक्ट इनपुट इथवर जायचं, आपल्या पेडलच्या व्हीआयडी-पीआयडीचा (कंपनीच्या आणि उपकरणाच्या क्रमांकाचा) फोल्डर शोधायचा, आधी एक्सपोर्ट करून ठेवायचा आणि मगच त्यातलं कॅलिब्रेशन काढायचं.

डाव्याचं अडकणं तरीही बाकी होतं. इथे एक सोपी परीक्षा आहे. आकडा ३८ वर असताना पेडलची पाटी बोटाने हलकेच वर उचलायची. आकडा खाली आला तर दोष यांत्रिक, म्हणजे स्प्रिंग किंवा बिजागरी. हात न लावता आकडा थरथरत असेल, किंवा हळूहळू दाबताना मध्येच उडी मारत असेल, तर पॉटचा ट्रॅक खराब. इथे पाटी उचलताच ५ आला. बिजागरीच्या पिनेवर जुनं ग्रीस घट्ट होऊन त्यात सतरंजीचे तंतू गुंडाळले गेले होते. पिन काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. घरात असतं ते फवाऱ्याचं तेल इथे मारू नये. ते ओघळून पॉटमध्ये शिरतं आणि नवीनच दुखणं सुरू होतं.

त्यानंतर डावा ४ ते ७ च्या आत परत येऊ लागला. मग सिम्युलेटरच्या सेन्सिटिव्हिटीत डेड झोन (ज्यात हालचाल धरली जात नाही तो पट्टा) २ टक्के ठेवला, म्हणजे साधारण २० आकडे. लोक सरसकट १० टक्के ठेवतात, पण मग हलक्या दाबाला ब्रेक प्रतिसादच देत नाही आणि पायाची नजाकत शिकायची राहून जाते. पूर्ण दाबल्यावर डावा ९८६ पर्यंतच जायचा, साडेतीन टक्के कमी. म्हणून शेवटच्या टोकाचा डेड झोन दोन्हींना ४ टक्के दिला, नाहीतर पूर्ण ब्रेक कधी लागलाच नसता.

वारा शून्य, पार्किंग ब्रेक काढलेला, थोडी पॉवर देऊन विमान हललं की पुन्हा १००० आरपीएमच्या आसपास. १७२ मध्यरेषेवर सरळ चाललं. नुसत्या पेडलने पुढचं चाक सुमारे १० अंश वळतं, त्याच बाजूचा ब्रेक दिला की ३० अंशांपर्यंत. तेही दोन्ही बाजूंना सारखं झालं.

एक गोष्ट तेवढी उरली. मुलाने पूर्ण उजवा रडर दिला की उजव्या ब्रेकचा आकडा १५० च्या वर जायचा. हाताने रडर ढकलून बघितला तर ५ च. म्हणजे पेडल निर्दोष, पाऊल वर ठेवलेलं. खुर्ची एक वीत मागे घेतली, टाचा जमिनीवर टेकवून चवडा पाटीच्या खालच्या भागावर ठेवायला सांगितला, आणि गुळगुळीत फरशीवर पेडल सरकू नये म्हणून खाली रबरी मॅट घातली. पूर्ण रडरलाही आकडा ५ च राहिला.