टाकीच्या तळाला काय घालाल? रंग नंतर, दाणा आधी

माशांच्या टाकीसाठी वाळू निवडताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. दाणा केवढा आहे ते कुणी फारसं बघत नाही. आणि पुढची दोन-तीन वर्षं टाकी कशी साफ करायची, ते नेमकं दाण्यावर ठरतं.

अर्धा ते एक मिलिमीटरच्या वाळूवर माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं वरच पडून राहतं. दिसायला वाईट, पण काढायला सोपं. तीन ते पाच मिलिमीटरच्या खडीत तीच घाण फटींतून खाली उतरते. वरून टाकी चकचकीत दिसते आणि खाली खत होत असतं. म्हणून ‘खडी स्वच्छ राहते’ हे ऐकलं की हसू येतं. ती घाण लपवते, एवढंच. झाडं लावायची असतील तर दोन-तीन मिलिमीटरचा दाणा बरा. मुळं धरतात आणि दाण्यांमधून पाणीही खेळतं.

मग तळाशी कोण राहणार ते बघा. कोरी मासा तोंडात वाळू घेतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवतो आणि उरलेली कल्ल्यांतून सोडून देतो. जाड खडीत त्याला हे जमत नाही, आणि धारदार किंवा घाण साचलेल्या तळावर त्याच्या मिशा झिजतात. चिमूटभर वाळू दोन बोटांत चोळा. बोचली तर ती कोरी आणि लोच या तळाशी वावरणाऱ्या माशांसाठी नको. गोल्डफिशला खडे तोंडात घोळवायची सवय असते, त्यामुळे घशात अडकेल असा वाटाण्याएवढा खडा टाळा. सिक्लिड जातीचे मासे वाळू खणतात, म्हणून त्यांच्या टाकीत मोठे दगड आधी काचेवर पातळ फोम अंथरून बसवा आणि मग वाळू ओता. वाळूवर ठेवलेला दगड खालून पोखरला की कलंडतो, काचेवरही पडू शकतो.

वाळू कुठलीही असो, व्हिनेगरची परीक्षा चुकवू नका. चमचाभर कोरडी वाळू पांढऱ्या वाटीत घ्या, ती बुडेल इतकं व्हिनेगर घाला आणि कान जवळ न्या. चुरचुर ऐकू आली, बारीक बुडबुडे सुटले, तर त्यात शिंपले किंवा चुनखडी आहे. असा तळ पाण्याचा केएच (कार्बोनेटचं प्रमाण), जीएच (एकूण कडकपणा) आणि पीएच वाढवत राहतो. मलावी सरोवरातल्या सिक्लिडना ते मानवतं, टेट्रा किंवा डिस्कस माशांना नाही. मात्र व्हिनेगर सौम्य असतं, चुना थोडाच असेल तर या परीक्षेत कळत नाही. शंका असेल तर एका बरणीत एक भाग वाळू, तीन भाग पाणी घालून आठवडाभर ठेवा आणि केएच आधी व नंतर मोजा.

किती लागेल याचं गणित सोपं आहे. लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा, लिटर मिळतील. 60 बाय 30 च्या टाकीत 5 सेंटिमीटर थर म्हणजे 9 लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे साडेतेरा किलो. झाडं नसतील तर बारीक वाळूचा थर तीन-चार सेंटिमीटर पुरे. झाडांसाठी पुढे पाच आणि मागे आठ ठेवा.

धुताना बादली एक तृतीयांशच भरा, पाण्याची जोरदार धार सोडा, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओता. बारीक वाळूला दहा-पंधरा खेपा सहज लागतात. साबण अजिबात नको. ॲक्वासॉइल, म्हणजे झाडांसाठीची दाणेदार पोषक माती, मात्र धुवायची नसते. ती भाजलेल्या मातीची असते, चोळली की तिचा चिखल होतो. पहिले काही आठवडे ती अमोनिया सोडू शकते, म्हणून अमोनिया आणि नायट्राइट, ही माशांना विषारी द्रव्यं, शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नका. दीड-दोन वर्षांत तिचं पोषण ओसरतं आणि दाणे भुगा व्हायला लागतात. तिच्यावर शोभेची बारीक वाळू पसरायचा मोहही आवरा. काही महिन्यांत वाळू खाली झिरपते, माती वर येते.

साध्या वाळूत झाडांना खायला काही नसतं. क्रिप्टोकोरीन किंवा ॲमेझॉन स्वोर्डच्या मुळांशी दर 10 ते 15 सेंटिमीटरवर एक रूट टॅब (खताची गोळी) खोल खुपसा. अनुबियाचं आडवं खोड मात्र गाडू नका, कुजतं.

सायफनची, म्हणजे नळ्याने तळाची घाण ओढून काढायची, पद्धत दाण्याप्रमाणे बदलते. खडीत नळा थेट तळापर्यंत खुपसा. दाणे आत उसळतात, घाण पाण्याबरोबर जाते. दाणे फार वर चढले की पाइप चिमटीत दाबा, ते खाली पडतात. दर आठवड्याला तळाचा एक तृतीयांश भाग पुरे. वाळूवर नळा दीड-दोन सेंटिमीटर वर धरून गोल फिरवा. वाळू ढवळताना फिल्टर बंद ठेवा, नाहीतर दाणे इंपेलरमध्ये (फिल्टरच्या फिरत्या पंख्यात) शिरून घरघर सुरू होते. आणि तळ व फिल्टर एकाच दिवशी खसाखसा धुऊ नका. अमोनिया पचवणारे उपकारक जिवाणू दोन्हीकडे असतात; दोन्ही उपसले की अमोनिया चढतो.

काचेतून वाळूत काळे डाग दिसले की लोक घाबरतात. तो ऑक्सिजन न पोचलेला भाग असतो. थोडासा असेल तर राहू द्या. बोट लावताच बुडबुडे सुटून सडक्या अंड्याचा वास आला, तर मात्र तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलाय. सगळा थर एकदम उपसू नका. एअर पंप जोरात सुरू ठेवा आणि दर आठवड्याला एक कोपरा काडीने हलका मोकळा करा. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी हे काम फुकट करतात. त्यांची पैदास भराभर वाढली, तर खाणं जास्त पडतंय असं समजा.

काच आणि वाळू भेटतात तिथे निळसर हिरवा चिकट पट्टा येतो, तो बाजूने पडणाऱ्या उजेडामुळे. थराच्या उंचीएवढी काळी टेप काचेला बाहेरून लावा, तिथला उजेड तुटतो.