वहिनींची तुळस

आळंदीत वहिनींच्या मुलाने वृंदावन माझ्या डोक्यावर ठेवलं आणि चुंबळ नीट केली. चुंबळही त्यांचीच, जुन्या हिरव्या लुगड्याची. 11 वाऱ्यांत तिला वहिनींच्या डोक्याचा खळगा पडलेला, तो माझ्या डोक्याला बसेना. हैबतबाबांच्या पायरीपासून पुण्यापर्यंत मी एका हाताने वृंदावन धरूनच चालले.

26 वर्षं आमची भिंत एकच होती. पलीकडून उलथन्याचे दोन ठोके आले की समजायचं, चहा उकळलाय. दर ज्येष्ठात विचारायच्या, "यंदा येतेस का गं?" आणि दर ज्येष्ठात माझ्याकडे काहीतरी असायचं. सासूबाईंचं आजारपण, लेकीचं बाळंतपण. एका वर्षी तर नुसता कंटाळा, पण तो मी गुडघ्याच्या नावावर खपवला. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. माघात गेल्या. पोटातलं दुखणं सहा महिने अंगावर काढलं, रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायल्या, आणि मला कळू दिलं नाही.

दिवे घाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व दौडत गेले, मला पुढच्यांच्या पाठीच दिसल्या. दिंडीतल्या बायका येता-जाता म्हणायच्या, "वहिनी असत्या तर!" टँकरपाशी ढकलाढकली चालू असतानासुद्धा हेच. मला राग यायचा. ह्यांच्या वहिनी वर्षातले वीस दिवस. मी वर्षभर त्यांचं खोकणं भिंतीतून ऐकलेलं.

फलटण सोडलं त्या दिवशी पाऊस नव्हता. विडणीपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले होते. पिंप्रदच्या अलीकडे डाव्या चवड्याखालचा मोठा फोड चपलेत सरकायला लागला, प्रत्येक पावलाला आतलं पाणी इकडून तिकडे जाताना कळायचं. दिंडी पुढे गेली. मागची आली, तीही गेली. मी एका घराच्या ओट्यावर वृंदावन ठेवलं आणि रडले. पाय दुखत होता म्हणूनच रडले, असं तेव्हा वाटलं.

घरातून एक बाई आली. माझ्याच वयाची, हात पिठाचे. "माऊली, हलू नका," म्हणाली आणि परत आत गेली. मला वाटलं पाणी आणेल, चहा आणेल. तिने तांब्या आणला आणि आधी तुळशीला घातला. माती भेगाळली होती. सकाळपासून मी स्वतः तीनदा पाणी प्यायले होते, तुळशीला एकदाही घातलं नव्हतं. पाणी आत जाताना मातीचा बारीक आवाज आला.

मग तिने परातीत मिठाचं कोमट पाणी आणलं, माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला गेले तर घट्ट धरून ठेवला. सुई दिव्यावर धरली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "ह्यो काढू नका. ह्याच्यानंच पाणी निघंल." वरून खोबरेल लावलं.

"तुळस घरची का?"

"शेजारणीची."

"त्या न्हाई आल्या?"

पाच महिन्यांत "वहिनी गेल्या" हे मी कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. त्या ओट्यावर, नावही माहीत नसलेल्या बाईला सांगितलं. ती काही बोलली नाही. परातीतलं पाणी अंगणात ओतलं, हात पुसले आणि वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं.

बरडला समाज आरतीला कशीबशी पोचले. चोपदारांनी दंड वर केला आणि एवढा लाखांचा समाज क्षणात गप्प झाला. एकाच दिंडीचे टाळ वाजत राहिले. तक्रार असलेली दिंडी अशी वाजवत राहते, चोपदार जाऊन ऐकून घेईपर्यंत. ते टाळ ऐकताना माझ्या छातीत तेच चाललं होतं. का नाही सांगितलंत मला? कधीतरी हक्काने ओढून का नाही नेलंत? त्या दिंडीचं ऐकून घेतलं गेलं, टाळ थांबले. हरवल्या-सापडल्याचा पुकारा झाला, आरती झाली. मी हात जोडले होते आणि माझं थांबलं नव्हतं.

वेळापूरच्या धाव्याला मी धावले. त्या पायाने. कशी, ते विठ्ठलाला माहीत.

वाखरीच्या तळावर नवमीला संध्याकाळी पाहिलं तर तुळशीला मंजिऱ्या आलेल्या. घरी माझ्या तुळशीच्या मंजिऱ्या वहिनी कुंपणावरून हात घालून, न विचारता खुडायच्या. "मंजिरी ठेवली की झाड थकतं गं." मला ते कधीच आवडलं नाही. राहुटीबाहेर बसून मी एकेक मंजिरी खुडली आणि पदराच्या टोकाला बांधली.

एकादशीला दर्शनाची रांग पाहून कळसाला हात जोडले. नामदेव पायरीशी गाठ सोडली. बोटांना वास तसाच होता.

पौर्णिमेनंतर घरी आले. वृंदावन त्यांच्या ओट्यावर ठेवलं, पाणी घातलं. मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन चहा टाकला, आणि उकळी आल्यावर उलथन्याने भिंतीवर दोन ठोके दिले.

पलीकडून त्यांची सून म्हणाली, "आले काकू."