तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूचा झटका (स्ट्रोक) सौम्य असेल तर इंजेक्शन द्यायचं का?

‘हात जरा जड झालाय, तोंड थोडं वाकडं आहे, पण बोलतात, चालतात. मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं का?’ तातडीच्या विभागातले तरुण डॉक्टर हे विचारतात, नातेवाईकही विचारतात.

या माणसाचं नेमकं काय अडलंय, ते आधी बघा. एनआयएच स्केल म्हणजे झटक्याची तीव्रता मोजणारी तपासणी, गुण जास्त तर झटका मोठा. तिच्यावर 42 पैकी 5 पर्यंत गुण आले की झटका सौम्य म्हणतात. पण हे स्केल बोटांची ताकद मोजत नाही, चालही बघत नाही. शिंप्याच्या बोटांना कात्री धरवत नसेल, तरी हाताचे गुण शून्य येऊ शकतात. लहान मेंदूचा झटका असला की रुग्ण खाटेवर ठणठणीत वाटतो आणि उभं केलं की कलंडतो. म्हणून आधार देऊन चार पावलं चालवाच आणि कामधंदा विचारा. एका बाजूचं दिसणं पूर्ण गेलं तरी गुण दोनच, पण रुग्ण ड्रायव्हर असेल तर त्याची रोजीरोटी गेली.

अडत असेल, तर लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत इंजेक्शन द्यावं. आधी साखर तपासा, कारण साखर उतरली तरी लक्षणं अशीच दिसतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नको, रक्तदाब 185/110 च्या खाली हवा. अल्टेप्लेज, म्हणजे हेच इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, कमाल 90. दहावा हिस्सा मिनिटभरात, उरलेलं तासाभरात. वजन काट्यावरच घ्या, अंदाज हमखास चुकतो.

अडत नसेल, तर आम्ही इंजेक्शन टाळतो. 2018 च्या प्रिझम्स चाचणीत अशा रुग्णांना ॲस्पिरिनपेक्षा अल्टेप्लेजचा जास्त फायदा दिसला नाही. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव मात्र सुमारे 3 टक्क्यांना झाला, ॲस्पिरिनवर कोणालाच नाही. ती चाचणी 313 रुग्णांवरच थांबली होती, त्यामुळे तेवढ्यावर विसंबणं बरं नव्हतं. 2023 मध्ये चीनमधल्या 760 रुग्णांच्या अरामिस चाचणीत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांची जोडी अल्टेप्लेजपेक्षा कमी ठरली नाही.

घोटभर पाणी नीट गिळता येतंय हे पाहून मगच गोळ्या द्या. क्लोपिडोग्रेल पहिल्यांदा 300 मिलिग्रॅम, मग रोज 75, सोबत ॲस्पिरिन. 21 दिवसांनी एक गोळी बंद. ही तारीख चिठ्ठीवर ठळक लिहा, नाहीतर जोडी महिनोन्‌महिने चालते आणि पोटात रक्तस्राव होतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर औषधं वेगळी.

इंजेक्शन दिलं नाही म्हणून घरी पाठवू नका. मोठी रक्तवाहिनी बंद असूनही सुरुवातीला लक्षणं किरकोळ असू शकतात; सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करा, पहिले 24 तास लक्ष ठेवा. लक्षणं पूर्ण जाऊन परत आली, तर साडेचार तासांची वेळ नव्याने मोजायची. नुसती कमी होऊन वाढली, तर मूळचं घड्याळच चालू आहे.