चंद्रपूरची असून मुंबईच्या 34 ला का भिते? तुम्ही विचारलंत म्हणून

"46 मंधी वाढली तू, अन् 34 ले भेते?" दर उन्हाळ्यात हे ऐकावं लागतं. माहेरच्या लग्नात, फॅमिली ग्रुपवर, आणि दिल्लीच्या ऑफिसवाल्यांकडून हिंदीत. इतकी वर्षं विषय बदलायचे, पण आता नाही ऐकवत, म्हणून एकदाच नीट सांगते.

चंद्रपूरचं ऊन काय असतं ते मला माहितीये हो. बारा ते पाच रस्ते ओस, तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, खिडकीत कूलर. पण उत्तर त्या कूलरमध्येच आहे ना. तिकडची हवा कोरडी, म्हणून पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. घामाचंही तेच. मुंबईत कूलर लावून बघा, खोली नुसती दमट होते, कारण हवेत आधीच इतकं पाणी असतं की घाम सुकतच नाही, अंगावरून नुसता ओघळत राहतो. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मोजलं तर 44 डिग्री आणि 15 टक्के आर्द्रता असताना साधारण 23 दिसेल, पण 34 डिग्री आणि 70 टक्के असताना 29. हाच आकडा 35 ला पोचून काही तास तिथे राहिला तर धडधाकट माणूसही सावलीत बसून वाचत नाही असं मानतात, आणि वयस्कर माणसं त्याच्या खूप आधी कोलमडतात. उष्णतेची लाट ठरवताना हवामान खातं मैदानी भागाला 40 धरतं आणि किनारपट्टीला 37, ते काय उगाच?

बाबांची गोष्ट मी आजवर टाळली. ते मे महिन्यात आमच्याकडे आले होते. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. जेवणं झाली आणि लाइट गेली. आम्ही दारं-खिडक्या उघडल्या, पण वारा म्हणून नव्हता. बाबा म्हणाले मला काय होतंय, मी 45 मध्ये सायकलने ड्युटीला गेलेला माणूस. पंख्याशिवाय झोपतो म्हणाले आणि खरंच आडवे झाले. मध्यरात्रीनंतर मला हाक ऐकू आली, "गच्चीवर पाणी मारलं का?" चंद्रपूरला आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून अंथरूण घालायचो, त्यामुळे मला वाटलं झोपेत बोलतायत. दोन मिनिटांनी परत तेच. मोबाइलचा टॉर्च लावला तर बनियन पिळून काढावा इतका ओला, कपाळ चटका बसेल असं तापलेलं, आणि माझ्याकडे बघून मला आईच्या नावाने हाक मारत होते. रिक्षात नवऱ्याने त्यांना धरलं होतं, मी ओल्या टॉवेलने मान पुसत होते आणि ते माझा हात झटकत होते, जन्मात कधी असे वागले नव्हते. हॉस्पिटलमध्ये काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, सलाइन लावलं. डॉक्टरांनी कितीचा पारा होता हे विचारलंसुद्धा नाही, घरात हवा होती का एवढंच विचारलं. बाबा वाचले. पण त्यानंतर मुंबईला आले नाहीत आणि तो विषय निघाला की उठून जातात.

खारघरला 16 एप्रिल 2023 ला उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात माणसं उन्हाने गेली तेव्हाही ग्रुपवर पहिला प्रश्न "किती डिग्री होतं तिथे?" असाच होता. मी रिप्लाय टाइप केला आणि खोडला.

चंद्रपूरचं ऊन मारत नाही असं मी म्हणत नाही. तिकडे रोजगार हमीवर आणि बांधकामावर मरणारे मरतातच आणि त्यांची नोंद नीट होत नाही. कुठलं वाईट हा हट्ट मलाही सोडता येत नाही, आणि मग वाटतं हट्ट तरी कशासाठी, दोन्हीकडे आपलीच माणसं आहेत.

शिवाय मी पूर्वी म्हणायचे की मुंबईला समुद्र सांभाळतो, मे कसाही काढला की 10-11 जूनला पाऊस येतोच. आता तेही छातीठोक सांगवत नाही. 13 मे 2024 ला भर दुपारी धुळीने अंधारलं, घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर पडून 17 जण गेले. वळीव कायम यायचा, मान्य, पण इथे धुळीचं असं वादळ मी कधी पाहिलं नव्हतं. 2025 ला तर 26 मे लाच मान्सून मुंबईत, 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी नाही. तिकडे आईच्या कुरडया गच्चीवर वाळल्याच नाहीत. लवकर पाऊस म्हणजे सुटलो असंही नाही, मध्ये उघडीप मिळाली की आणखी उकडतं.

आता भाचा एप्रिलमध्ये मुंबईत नोकरीला येतोय. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली स्वस्त मिळतेय म्हणे, आणि "मावशी, आपण 46 वाले" असा मेसेज टाकलाय. त्याला सांगितलंय खालच्या मजल्यावरची, समोरासमोर खिडक्या असलेली बघ, भाड्यातला फरक मी देते. अजून त्याने हो म्हटलेलं नाही.