टबाला क्लोरीनचा वास येतोय? मग क्लोरीन कमी पडलंय

आमच्या ओळीतल्या एका काकूंनी नुकताच घरी हॉट टब, म्हणजे गरम पाणी जेटने फिरवणारा बसायचा टब, बसवला. परवा मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, क्लोरीनचा फार वास मारतोय, म्हणून दोन दिवस टाकलंच नाही. तरी वास जाईना." मी पाणी तपासायचं किट घेऊन गेले. फ्री, म्हणजे कामाला मोकळं असलेलं, क्लोरीन शून्य. पाणी दिसायला काचेसारखं, आणि जंतू मारायला त्यात काहीच शिल्लक नाही.

हा गैरसमज इतका सगळीकडे आहे की त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. माझी नोकरीची सगळी वर्षं तुर्भ्याच्या एमआयडीसीत, कंपनीच्या लॅबमध्ये गेली. कूलिंग टॉवरचं पाणी, बॉयलरचं पाणी, रोज सकाळी सॅम्पल. नेरूळच्या घरी मागच्या अंगणात टब आला तेव्हा घरातल्यांना ती चैनीची वस्तू वाटली. मला तो एक छोटा प्लांट वाटला आणि मी त्याच्याकडे तसंच बघते.

नाकाला झोंबणारा तो वास मोकळ्या क्लोरीनचा नसतो. घामातल्या, लघवीतल्या, त्वचेवरच्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा, डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळे. म्हणजे क्लोरीन खर्ची पडलेलं असतं आणि मळ अजून शिल्लक असतो. उपाय उलटा आहे: क्लोरीन एकदम वाढवायचं, जुळलेल्या, म्हणजे क्लोरामाइनमध्ये अडकलेल्या, क्लोरीनच्या साधारण दहापट, म्हणजे क्लोरामाइन मोडून निघून जातात. त्या वेळी झाकण उघडं ठेवून पंप चालू ठेवायचा, वायू बाहेर जाऊ द्यायचे, आणि पातळी 5 पीपीएमच्या, म्हणजे लिटरला 5 मिलिग्रॅमच्या, खाली येईपर्यंत कोणी उतरायचं नाही. काकूंच्या टबात आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी वास नव्हता.

टबाचं पाणी इतक्या लवकर का बिघडतं, हे एका हिशोबाने कळतं. आमचा टब 1100 लिटरचा, चार माणसं बसतात. 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात 3,75,000 लिटर पाणी मावतं. टबातली गर्दी त्या तलावात करायची तर तेराशेहून जास्त माणसं उतरवावी लागतील. वर पाणी गरम, त्यामुळे माणूस त्यात बसून घाम गाळतो, आणि उष्णतेने क्लोरीनही भराभर संपतं. म्हणून अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था तलावापेक्षा टबाला जास्त, किमान 3 पीपीएम फ्री क्लोरीन ठेवायला सांगते आणि तापमान 40 अंशांवर जाऊ देऊ नका म्हणते.

सासूबाई तरुणपणापासून गुडघ्यांसाठी अकलोलीला जायच्या. वज्रेश्वरीजवळ तानसा नदीकाठची ती गरम पाण्याची कुंडं ठाणेकरांना सांगायला नकोत. टब आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तिथे कुंडात कोणी औषध टाकत नाही, मग इथे कशाला?" प्रश्न अगदी रास्त होता. कुंडातलं पाणी खालून येत राहतं आणि बाहेर वाहून जातं. टबात तेच पाणी फिरून फिरून अंगावर येतं. शिवाय टबाच्या पोटात, जेटच्या नळ्यांमध्ये, पाणी साचून राहतं आणि तिथे जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. लिजिओनेला नावाचा जिवाणू 25 ते 45 अंशांत चांगला वाढतो, म्हणजे नेमका आपल्या टबाच्या तापमानात. पाणी प्यायल्याने त्याचा आजार सहसा होत नाही, उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर तो फुफ्फुसात जातो. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोवेनकार्सपेल गावी फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या एका टबातून या आजाराची साथ पसरली. त्या टबात कोणी बसलंही नव्हतं. लोक नुसते जवळून गेले, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा जीव गेला. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हापासून त्या स्वतःच विचारतात, "आज पाणी बघितलंस का?"

आता आपल्या भागातल्या पाण्याविषयी. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, सह्याद्रीच्या पावसाचं. त्यात क्षार कमी. माझ्याकडे हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, पन्नास-साठच्या आसपास येतो. टबाला 150 ते 250 पीपीएम बरा. इतकं मऊ पाणी फेस लवकर धरतं आणि हीटरच्या धातूला खातं. म्हणून भरल्यावर मी कॅल्शियम क्लोराइड घालते. 1000 लिटरला दर 10 पीपीएममागे साधारण 15 ग्रॅम, डायहायड्रेट असेल तर. बादलीभर पाण्यात आधी विरघळवायचं. बादली चांगली गरम होते, लहान मुलांना लांब ठेवायचं. पाणीपुरवठा बंद असला आणि टँकर मागवला की चित्र उलटं. बोअरचं पाणी तीनशेच्या वर सहज जातं आणि हीटरवर पांढरी खपली धरते. घोडबंदर रोडला राहणारी माझी मैत्रीण टँकरच्याच पाण्यावर टब चालवते. माझा आकडा तिला उपयोगाचा नाही, तिचा मला नाही. दर वेळी भरल्यावर मोजायचं, दुसरा मार्ग नाही.

मोजण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे पिवळा रंग येणारी ओटी टेस्ट सगळ्यांना माहीत असते. तिच्यात फ्री क्लोरीन आणि क्लोरामाइन मिळून एकच आकडा येतो. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन पोचलंय का एवढं बघायला ती ठीक, टबाला नाही. काकूंकडे तीच होती आणि ती पिवळी येत होती, म्हणून त्यांना पाणी सुरक्षित वाटत होतं. गुलाबी रंगाची डीपीडी टेस्ट घ्या. पहिल्या गोळीवर फ्री, दुसरी टाकल्यावर एकूण, वजाबाकी केली की जुळलेलं. एक सावधगिरी: क्लोरीन फारच जास्त असेल, 10 पीपीएमच्या वर, तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि शून्य वाटतं. शंका आली तर सॅम्पलमध्ये निम्मं साधं क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा बघा.

पीएचकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग क्लोरीन ओतत बसतात. पीएच 7.5 ला क्लोरीनपैकी साधारण निम्मं जंतू मारणाऱ्या रूपात असतं. 8 झाला की जेमतेम पाव. किटवर आकडा तोच, काम निम्म्याहून कमी. आणि टबात पीएच चढतच राहतो, कारण जेटच्या बुडबुड्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ॲल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, जितकी जास्त तितकी ही चढण जोरात. पुस्तकी आकडा 80 ते 120 आहे, पण हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन, वापरणाऱ्याने खालच्या टोकाला, ऐंशीच्या जवळ राहावं, असं माझं मत. आधी ॲल्कलिनिटी बसवायची, मग पीएच, मग क्लोरीन. ॲल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा चालतो, 1000 लिटरला 17 ग्रॅमने 10 पीपीएम वाढते. पीएच उतरवायला सोडियम बायसल्फेट थोडं थोडं. बाथरूम साफ करायचं ॲसिड त्यासाठी वापरू नका, त्यात रंग आणि लोह असतं.

क्लोरीन कुठलं? बाजारात पूलवाले सर्रास टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या) गोळ्या देतात. त्या आम्लधर्मी आहेत आणि टबात तळाशी पडून राहिल्या तर ॲक्रिलिकला फोड येतात. दाणेदार एसडीआयसी (सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट) सोयीचं, पण त्याच्यासोबत सायन्युरिक ॲसिड पाण्यात जमत जातं, 10 पीपीएम क्लोरीनमागे 9. रोज 4 पीपीएम लागत असेल तर महिन्याभरात शंभरी गाठते, आणि क्लोरीन मंद होऊन बसतं. सीडीसी तर टबात सायन्युरिक नकोच म्हणते. मी साधं सोडियम हायपोक्लोराइट वापरते, सुगंध न घातलेलं. 10 टक्क्यांचं असेल तर आमच्या टबाला 11 मिलिलिटरने 1 पीपीएम वाढतं. आपल्या उकाड्यात कॅनमधली ताकद दर आठवड्याला उतरते, म्हणून लहान कॅन, तारीख बघून, सावलीत. ॲसिडच्या शेजारी तो कधीही ठेवायचा नाही. दोन्ही एकत्र सांडलं तर क्लोरीन वायू सुटतो. आणि टीसीसीएच्या डब्यात ब्लीचिंग पावडरचा चमचा घालायचा नाही, पेट घेतं.

फिल्टरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि त्याला कारण तेल. आपल्याकडे गरम पाण्याआधी अंगाला तेल लावायची सवय रक्तातच आहे. सासूबाई महानारायण तेल चोळून बसायच्या, केसांना खोबरेल असायचंच. एकदा कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरची घड्या घातलेल्या कापडाची नळी, काढून उन्हात धरलं तर घड्यांच्या तळाशी पिवळसर, मेणचट पट्टा. त्यावर नळाची धार सोडली की पाणी आत मुरतच नव्हतं, थेंब होऊन घरंगळत होतं. अशा फिल्टरमधून पाणी जात नाही, प्रवाह कमी होतो, हीटर प्रवाह नाही म्हणून बंद पडतो, आणि मेकॅनिक हीटर बदलायला सांगतो. आधी फिल्टर बाहेर काढून टब चालवून बघा. हीटर सुरू झाला तर दोष फिल्टरचा.

तेलकट कार्ट्रिज आधी ग्रीस काढणाऱ्या फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर बुडवायचं, मग भरपूर धुवायचं. क्षारांची खपली असेल तर ॲसिडचा नंबर त्यानंतर. आधी ॲसिड लावलं तर तेल घड्यांमध्ये घट्ट बसतं. प्रेशर वॉशर मारू नका, कापड फाटतं. दर आठवड्याला साध्या पाइपने, घड्या एकेक उघडत, वरून खाली. मी दोन कार्ट्रिज ठेवते: एक टबात, एक वाळत.

सासूबाईंना तेल सोडायला सांगितलं नाही. क्रम बदलला. आधी साध्या पाण्याने अंघोळ, मग टब, तोही 38 अंशांवर, पंधरा मिनिटं, आणि बाहेर आल्यावर अंग पुसून तेल. गरम झालेल्या गुडघ्यावर तेल जास्त छान मुरतं, असं आता त्या स्वतः शेजारणींना सांगतात. त्यांना ब्लड प्रेशरची गोळी असल्यामुळे डॉक्टरांना आधी विचारलं होतं, तुम्हीही विचारा. टबात घालायचे कपडेही नुसत्या पाण्यात खळबळून घ्या. फेसाचं अर्धं कारण कपड्यात राहिलेली साबणाची पावडर असते.

विजेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. टबाला स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा खटका. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला नाही तर त्या दिवशी टब बंद. खाडीच्या खाऱ्या हवेने तांब्याची टर्मिनलं हिरवी पडतात, म्हणून पावसाळ्याआधी इलेक्ट्रिशियन दादांकडून पॅनल उघडून घेते. सक्शनची, म्हणजे पंप पाणी ओढतो तिथली, जाळी तडकली असेल तर कोणीही उतरू नये, केस ओढले जातात. अमेरिकेत 2002 मध्ये सात वर्षांची एक मुलगी टबाच्या सक्शनला अडकून गेली, आणि 2007 मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. नातवंडं आली की मी पहिली ती जाळी हाताने चाचपून बघते.

मे महिन्यात आमच्याकडे हीटर लागतच नाही. झाकण लावलं की पंपाच्या उष्णतेनेच पाणी चढत जातं. तेव्हा फिल्टरचे तास पहाटेला लावते आणि झाकणावर शेडनेट. पावसाळ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला काळी बुरशी धरते. ती पुसून, झाकण उभं करून वारा लागू द्यायचा.

पाणी कधी बदलायचं? लिटरला 11 ने भागा, आलेल्या आकड्याला रोजच्या माणसांनी. 1100 लिटर, रोज दोन माणसं, तर पन्नास दिवस. सोडण्याआधी नळ्या साफ करणारं द्रावण टाकून जेट चालवा. पाण्यावर तपकिरी साय येते, ती नळ्यांतली. ती किळसवाणी असली तरी बघा, म्हणजे पुढच्या वेळी टाळाटाळ होणार नाही. ते पाणी मी सरळ गटारात जाऊ देते. द्रावण वापरलं नसेल तर झाकण काढून एक दुपार उन्हात ठेवते, क्लोरीन उडून जातं, आणि मग अंगण आणि गाडी धुवायला वापरते. झाडांना घालत नाही, त्यात मीठ जमलेलं असतं. रिकामं करताना मेन स्विच आधी बंद करा, कोरडा हीटर जळतो. पुन्हा भरताना पाइप फिल्टरच्या खोबणीत सोडा, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. भरून झालं की हीटर लावण्याआधी हार्डनेस मोजा.