'शुक्रवारपर्यंत' म्हणजे बाय की टिल?

ऑफिसात इंग्रजी मेल लिहिणारे हमखास विचारतात: 'शुक्रवारपर्यंत' लिहायचं तर बाय फ्रायडे की टिल फ्रायडे? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

घोळाचं मूळ आपल्या 'पर्यंत'मध्ये आहे. 'मी पाचपर्यंत ऑफिसात आहे' म्हटलं की असणं सलग चालू आहे. 'पाचपर्यंत अर्ज दे' म्हटलं की अर्ज एकदाच द्यायचा, पाच वाजायच्या आधी कधीही. सलग चालणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत टिल किंवा अन्टिल लागतं, एकदा उरकायच्या कामाला बाय. 'सेंड द फाइल टिल फ्रायडे' याचा अर्थ होतो, शुक्रवार येईतो फाइल पाठवतच राहा!

अडलात तर 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'पाचच्या आत अर्ज दे' छान बसतं, म्हणून बाय. 'मी पाचच्या आत ऑफिसात आहे' कानाला खटकतं, म्हणून टिल. एक मात्र लक्षात ठेवा: 'शुक्रवारच्या आत' म्हटल्यावर आपल्याकडे कुणी गुरुवारच धरेल, पण बाय फ्रायडेमध्ये शुक्रवार सहसा धरलेला असतो. वाद नको असेल तर वेळही लिहा: बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे.

खरं नुकसान नकारात होतं. 'द रिपोर्ट वोन्ट बी रेडी टिल फ्रायडे' म्हणजे रिपोर्ट शुक्रवारी मिळेल, त्याआधी नाही. तिथे बाय घातलंत की शुक्रवार उजाडला तरी रिपोर्ट तयार नसणार. ग्राहकाला यातलं काय कळवताय, ते पाठवण्याआधी पुन्हा वाचाच.

असाच दुसरा घोळ 'ने'चा. 'मुलाने दगडाने काच फोडली' यात दोन्हीकडे 'ने', पण इंग्रजी कर्मणी वाक्यात करणाऱ्याला बाय आणि साधनाला विथ: बाय द बॉय, विथ अ स्टोन. 'बसने' मात्र बाय बस. मध्ये माय किंवा द आलं की बाय जातं, मग इन माय कार, ऑन द बस.

आकड्यांत 'ने' आणि 'वर' हा आपला फरक थेट उपयोगी पडतो. 100 रुपयांची किंमत 20 रुपयांनी उतरली तर बाय, उरले 80. 20 रुपयांवर उतरली तर टू, उरले 20.