आधी एक टिंब

अमळनेरकडच्या आमच्या घरात अहिराणी, जळगावच्या कॉलेजात प्रमाण मराठी आणि भुसावळच्या फलाटावर हिंदी. इकडच्या माणसाला याचं काही विशेष वाटत नाही. दार बदललं की जीभ आपोआप बदलते. निदान बदलायला हवी.

माझ्या मेलचंही तसंच आहे. एक खातं कॉलेजचं, एक माझं खासगी, आणि एक रावेरच्या मित्राच्या केळीबागेचं. टिश्यू कल्चर रोपांच्या ऑर्डरी आणि ठिबकच्या नळ्यांची बिलं त्याच्याकडे मेलवर येतात, पण त्याला लिहायचा कंटाळा. 'तू लिही ना भो,' म्हणून तो मोकळा होतो. तिन्ही खाती मी मटमध्ये पाहतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचं काम नाही. १९९५ मध्ये मायकल एल्किन्सने लिहिलेला हा प्रोग्राम. नावाचा अर्थ गावठी कुत्रं, आणि ब्रीदवाक्य साधारण असं, की सगळेच मेल प्रोग्राम भिकार असतात, हा जरा कमी. ज्याची सुरुवातच इतकी प्रामाणिक, त्याच्याशी माझं जमतं. शिवाय एमबीसिंक नावाचा जोडीचा प्रोग्राम सगळी पत्रं आधीच डिस्कवर आणून ठेवतो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी लाइट आणि नेट दोन्ही गेले तरी बॅटरी आहे तोवर वाचन चालू राहतं.

खाती वेगळी ठेवायला मटमध्ये 'फोल्डर-हुक' असतो. अमुक फोल्डरमध्ये शिरलं की पाठवणाऱ्याचा पत्ता अमुक, सही अमुक. मी केळीबागेच्या फोल्डरला हुक लावला, खासगीला लावला. कॉलेजला लावला नाही. तो पत्ता मूळ सेटिंगमध्ये होताच, मग पुन्हा कशाला सांगायचं?

इथेच फसलो. फोल्डरमध्ये शिरताना हुक कपडे चढवतो, बाहेर पडताना उतरवत नाही. एका सकाळी रोपांच्या ऑर्डरीला उत्तर दिलं, कॉलेजच्या फोल्डरमध्ये आलो आणि प्राचार्यांना दोन दिवसांच्या रजेचा अर्ज धाडला. खाली सही: 'केळी उत्पादक, ता. रावेर'. पत्ताही बागेचाच. पत्रं बाहेर धाडणारा एमएसएमटीपी हा प्रोग्राम तर पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून खातं निवडतो, त्यामुळे अर्ज अगदी रीतसर बागेच्या खात्यातून गेला. संध्याकाळी सर जिन्यात भेटले. 'रजा मंजूर आहे. भाव काय चाललाय?'

उपाय मॅन्युअलमध्येच लिहिलेला होता. (मॅन्युअल वाचायचं असतं, हे मला नेहमी पत्र गेल्यावर आठवतं.) सगळ्या हुकांच्या आधी एक हुक लिहायचा, फोल्डरच्या नावाच्या जागी नुसतं टिंब. टिंब म्हणजे कुठलाही फोल्डर. कुठेही शिरलं की आधी मूळचा पत्ता, मूळची सही. मग त्या फोल्डरचं वेगळं काही असेल तर ते. टिंब पहिलंच हवं. ते खाली गेलं तर बागेचं सगळं लावून झाल्यावर पुसून टाकतं. तेही करून पाहिलं आहे.

जोडीला 'रिव्हर्स नेम' चालू केलं. आपले सगळे पत्ते त्याला एकदा सांगून ठेवले की पत्र ज्या पत्त्यावर आलं, त्याच पत्त्यावरून उत्तर जातं. मटमधली ही मला सर्वांत आवडती सोय. लहानपणी आजीही असंच करायची. दारात जो ज्या बोलीत बोलेल, त्याला त्याच बोलीत उत्तर.

गेल्या आठवड्यात तासाला निघालो आणि आईचा फोन आला. 'जेवण व्हयनं का?' तिथून मामाच्या विहिरीचं पाणी, चुलतबहिणीचं लग्न, असं करत बोलणं वर्गाच्या दारापर्यंत लांबलं. फोन खिशात टाकला, आत शिरलो. पोरं उभी होती.

'बठा रे,' मी म्हणालो.

क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, 'बठनूत, सर!'